नंबर पाठव, भूपेश

आमच्या ग्रुपवर कोणी काही मागितलं आणि भूपेशनं दिलं नाही, असं कधी झालं नाही. गडचिरोलीच्या सर्व्हेला पोरं हवीत, भूपेश. पुण्याहून आलेल्या साहेबांना स्टेशनवरून आणायचंय, भूपेश. कोणाच्या सासूला हाडांच्या डॉक्टरकडे लवकर नंबर लावून हवाय, भूपेश. 'नंबर पाठव' एवढं लिहायचं, की कपातला चहा संपायच्या आत नंबर हजर. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा हा ग्रुप, नाव 'आरोग्य परिवार, नागपूर'. नावही त्यानंच ठेवलेलं. परिवार म्हणे.

मी त्याच्याच बॅचची. सार्वजनिक आरोग्य या विषयात आम्ही पदव्युत्तर पदवी घेतली, एमपीएच म्हणतात ती. मी मूळची होमिओपॅथ. दवाखान्यात बसून साबुदाण्याच्या गोळ्या वाटायचा कंटाळा आला, तेव्हा भाच्या-पुतण्यांच्या वयाच्या पोरांबरोबर पुन्हा वर्गात जाऊन बसले. म्हणून सगळे मला शोभाताई म्हणतात. सध्या त्याच कॉलेजात शिकवते, म्हणजे मुख्यतः हजेरी घेते.

या शिक्षणाची गंमत अशी की वर्गात येणारा बहुतेक जण आधीच डॉक्टर असतो. कोणी खरा, कोणी दाताचा, कोणी काढ्याचा, कोणी माझ्यासारखा गोळ्यांचा. पदवी सगळ्यांना एकच मिळते, पण बाहेर पडल्यावरच्या वाटा आत शिरतानाच ठरलेल्या असतात. एमबीबीएसवाला सल्लागार होतो आणि विमानानं फिरतो. दातवाले, काढावाले दिल्ली-मुंबईच्या संस्थांत मॅनेजर होतात आणि एसी डब्यातून फिरतात. नुसता बीएस्सी असेल त्याला 'फील्ड' मिळतं. फील्ड म्हणजे मोटरसायकल, पाठीचं दुखणं आणि अकरा महिन्यांचं कंत्राट. अकरा महिने झाले की एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने, म्हणजे माणूस कधी कायम व्हायला नको. भूपेश निमजे बीएस्सी होता. ब्रेकच्या दिवशीही तो कामावर जायचा. मी म्हटलं, आज तू नोकरीत नाहीस, घरी झोप. तर म्हणाला, 'ताई, पेशंटले थोडीच माहीत आहे माहा ब्रेक आहे म्हणून.'

आमच्या वर्गात नावाआधी 'डॉ.' नसलेला तो एकटाच. पहिल्या दिवशी सरांनी सवयीनं 'डॉक्टर भूपेश निमजे' असा पुकारा केला. हा उभा राहून म्हणाला, 'सर, मी डॉक्टर नाही.' सगळा वर्ग हसला. सर्वांत मोठ्यानं हसला तो सुशील भोयर, काटोलकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, दातांचा डॉक्टर. मग त्यानंच मधल्या सुट्टीत भूपेशच्या खांद्यावर हात टाकला आणि पुढची दोन वर्षं त्याच्याकडून नोट्स लिहून घेतल्या. याला भूपेश दोस्ती म्हणायचा.

त्याचं घर पाचपावलीच्या मागच्या गल्लीत. वडील जागेश्वर निमजे, विणकर. त्या गल्लीत एके काळी दर घरातून मागाचा आवाज यायचा, आता एखाद्याच घरातून येतो. जागेश्वरजींनी हातमाग बंद पडल्यावर टॉवेल आणि चादरी सायकलवर लादून जरीपटक्याच्या बाजारात विकायला सुरुवात केली, ते आजही विकतात. म्हाताऱ्याला एकच गोष्ट कळली होती की पोरगा मेडिकलचं काहीतरी मोठं शिकला. त्यानं गल्लीभर सांगून टाकलं, पोरगा डॉक्टर झाला. लोक रक्ताचे रिपोर्ट घेऊन दाराशी यायला लागले. तेव्हा त्यानं पुस्ती जोडली, 'डॉक्टर हाय, पण सुई नाही लावत. सरकारात हाय.' हे मला भूपेशनंच हसत हसत सांगितलं होतं. हसता हसता त्याचे कान लाल झाले होते.

बापाचं म्हणणं त्यानं कधी खोडून काढलं नाही. पण बापाला कॉलेजच्या फाटकाच्या आतही कधी आणलं नाही. पदवीदान समारंभाला त्याची आई रुख्माबाई एकटी आली. बाबा का नाहीत विचारलं तर म्हणाला, बाजाराचा दिवस आहे. तो रविवार होता. जरीपटक्याचा बाजार रविवारी भरतो का बंद असतो ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी मान डोलावली.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी कोराडीकडच्या गावांतला त्याचा क्षयरोगाचा प्रकल्प बंद व्हायची बातमी आली. मार्चनंतर काम नाही. वय छत्तीस. कंत्राटी जाहिरातींतली वयाची अट जवळ येत चाललेली, घरात बायको रुचिका आणि लहान मुलगी. याच सुमारास सुशीलचा दिल्लीहून फोन आला. तो आता तिथल्या एका मोठ्या संस्थेत संचालक की काय आहे. संस्था नागपुरात विदर्भासाठी ऑफिस उघडणार होती आणि त्याला एक प्रमुख लागणार होता. कायम पद. ब्रेक नाही.

ती जाहिरात ग्रुपवर टाकली कोणी? भूपेशनं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, एमबीबीएस, दंतवैद्यक किंवा आयुष शाखेची पदवी, अधिक एमपीएच. मी त्याला फोन केला.

'भूपेश, ही अट वाचलीस का?'

'वाचली ना, ताई. मीच टाकली. सुशीलले विचारलं तं तो म्हणे, ते एचआरवाल्याईची भाषा असते. तू आपलाच माणूस आहे म्हणे, बघू.'

'बघू म्हणजे हो का?'

'तुम्ही काहून इतका संशय घेता? आपल्या माणसाले शब्द मागाव लागते का?'

त्याचा आवाज इतका आनंदी होता की त्यावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय माझं ऐकलं असतं कोणी?

मग सुशीलनं त्याला कामाला लावलं. ऑफिससाठी जागा शोध. भूपेशनं फील्डवरून परत येताना रोज शहर पालथं घातलं आणि हुडकेश्वरला एका नव्या इमारतीत पहिला मजला मिळवला. मालकाशी घासाघीस त्यानं केली, नळ दुरुस्त त्यानं करून घेतले, इंटरनेटवाल्याचा नंबर त्याच्याकडे होताच. मला एकदा दाखवायला घेऊन गेला. कोपऱ्यातल्या खोलीत नेलं, खिडकी उघडली आणि म्हणाला, 'इथं प्रमुख बसंन. उजेड चांगला आहे.' प्रमुख कोण ते तो बोलला नाही. पण खिडकीच्या कट्ट्यावर त्यानं हात फिरवला तो मी पाहिला.

याच काळात भूमिका त्याच्या मागे लागली होती. भूमिका राऊत, आमच्याहून कितीतरी ज्युनियर, उमरेडकडची, आयुर्वेदाची डॉक्टर. 'दादा, माझा बायोडेटा बघून द्या ना.' यानं बघून दिला, म्हणजे नव्यानं लिहून दिला. तिनं त्याच पदाला अर्ज केलाय हे त्याला माहीत होतं. मी डोक्याला हात लावला. तो म्हणाला, 'करू द्या ना, ताई. तिले अनुभव होईन.'

आणि मग काजलचा फोन आला. काजल सुशीलच्या संस्थेतली. सुशीलनं आधी सांगून ठेवलं होतं, 'आमची काजल तुझ्याशी बोलेल, तासभर काढ, मनमोकळं बोल.' भूपेशला वाटलं, हीच ती वेळ. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, रुचिकाला मुलीला घेऊन शेजारी पाठवलं, आईला कुकर लावू दिला नाही आणि मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून बसला.

संध्याकाळी त्यानं मला सगळं सांगितलं. काजलनं सुरुवातीलाच म्हटलं, तुम्ही बोलाल ते गोपनीय राहील. तुमचं नाव कुठेही येणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर नका देऊ. मध्येच थांबायचं असेल तर थांबा. रेकॉर्ड केलं तर चालेल ना?

ही वाक्यं आमच्या विषयातल्या माणसाला झोपेतून उठवलं तरी येतात. अभ्यासासाठी कोणाची माहिती घ्यायची असेल तर आधी हे म्हणावं लागतं. भूपेशनं स्वतः ती वाक्यं किती ओसऱ्यांवर बसून किती बायांना ऐकवली असतील, गणती नाही. नोकरी देणारा माणूस असलं काही म्हणत नाही. नोकरी देणाऱ्याला तुमचं नाव लपवायचं कशाला असेल?

'अरे, ती अभ्यास करून राहिली होती,' मी म्हटलं. रागाच्या भरात मीही त्याच्याच बोलीत शिरते.

'नाही वं ताई. मोठ्या संस्थेत आता असंच असते. मोकळा माणूस पाहिजे असते त्याईले. आपल्या कमजोऱ्या आपल्याले माहीत आहे का, ते पाहतात.'

'मग तू काय सांगितलंस?'

'सगळंच,' तो म्हणाला. 'ती विचारे, आणखी काही? मंग चूप बसे. तिच्या चूप बसण्यानं माणूस बोलतच जाते.'

चूप बसावं म्हणजे समोरचा बोलतो, हे आम्हाला दुसऱ्या सत्रात शिकवतात. भूपेशला त्यात वर्गात सर्वांत जास्त गुण होते. दुसऱ्याला गळानं कसं ओढायचं ते इतकं येत असूनही स्वतःच्या तोंडात गळ गेलेला त्याला कळला नाही. आशा लागलेल्या माणसाइतका मूर्ख प्राणी नाही, हे मी त्या दिवशी चांगलंच समजून घेतलं.

जानेवारीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, कॉलेजच्या सभागृहात. दरवर्षी होतो. दरवर्षी भूपेशच करतो. मंडप त्याच्या ओळखीचा, सकाळचा तर्री-पोहा त्याच्या ओळखीचा, दुपारच्या जेवणाला पाटोडीचा रस्सा करणारा आचारी त्याच्या गल्लीतला. बॅनरवर मात्र मार्गदर्शक म्हणून डॉ. सुशील भोयर. सुशीलनं कळवलं होतं, नागपूर ऑफिसच्या प्रमुखाचं नाव मेळाव्यातच जाहीर करू, सगळ्या परिवारासमोर.

म्हणून त्या दिवशी भूपेशनं बापाला आणलं.

मला तो फाटकापाशी भेटला. जागेश्वरजींना धरून आणत होता. म्हाताऱ्यानं भूपेशची पँट घातली होती, कमरेला पट्ट्यानं आवळलेली, वर पांढरा शर्ट. टोपी नव्हती, त्यामुळे हात सारखा डोक्याकडे जात होता. 'ताई, बाबाले तुमच्याजवळ बसवतो. मागंच बसा, दाराजवळ. जाहीर झालं का मी येतो अन् सगळ्याईशी ओळख करून देतो.' एवढी वर्षं टाळलं त्याची भरपाई तो एका दिवसात करणार होता. आधी नाव जाहीर होणार, मग बाप दाखवणार. त्याला वाटत होतं, कायम नोकरी हातात आली की सायकलवाल्या बापाची लाज आपोआप जाईल.

आम्ही मागच्या रांगेत बसलो. म्हातारा बोलका निघाला. मी शिकवते म्हटल्यावर त्यानं माझा नंबर मागून घेतला आणि आपला दिला. 'टावेल लागला, चादर लागली तं फोन करा, बाई. हातमागाचा माल हाय, धुवून धुवून मऊ होते.' मी तो तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून घेतला. मग तो हळूच म्हणाला, 'सकाळपासून खर्रा नाही खाल्ला. पोरगा म्हणे, आजचा दिवस नको.' खिशातली तंबाखू-सुपारीची पुडी त्यानं मला वरूनच चाचपून दाखवली आणि शाळेतल्या मुलासारखा हसला.

सुशीलचं भाषण सुरू झालं, इंग्रजीत. विषय होता, लहान शहरांतल्या आरोग्य पदवीधरांच्या नोकरीच्या वाटा. मागे पडद्यावर एकेक चित्र येत होतं. लॅपटॉपवर कोण? भूपेशच. सुशील 'नेक्स्ट' म्हणायचा, भूपेश बटण दाबायचा. पेन ड्राइव्ह सुशीलनं आयत्या वेळी दिला होता, त्यामुळे आत काय आहे ते भूपेशलाही माहीत नव्हतं.

'काय सांगून राहिला हा?' म्हाताऱ्यानं विचारलं.

'नोकऱ्या कशा लागतात ते.'

'मंग भूपेशचं नाव कवा येईन?'

'येईल शेवटी.'

लोक टाळ्या वाजवत तेव्हा तोही वाजवत होता. पट्ट्या, वर्तुळं, बाण असं सगळं येऊन गेलं. मग सुशील थांबला आणि म्हणाला की आमच्या टीमनं काही जणांशी सविस्तर बोलून अभ्यास केला आहे. त्यांचे शब्द मी मुद्दाम भाषांतर न करता जसेच्या तसे वाचतो, कारण त्यांची चव इंग्रजीत राहत नाही. नेक्स्ट.

पडद्यावर मराठी अक्षरं आली. सुशील ती वाचू लागला, आणि वाचताना त्यानं आवाज थोडा गावरान केला. तो स्वतः काटोलकडचा, त्याला ते छान जमतं.

'फोन सगळेच करतात मले. काम असलं का करतात.'

लोक हसले. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पुरुष, ३६ वर्षं, बिगर-डॉक्टर, विणकर कुटुंब, उत्तर नागपूर. नाव काढलं की माणूस झाकला जातो, असं आमच्या विषयात मानतात. मीच दरवर्षी शिकवते. त्या सभागृहात विणकराचा बिगर-डॉक्टर मुलगा एकच होता आणि तो लॅपटॉपपाशी उभा होता. पुढच्या रांगेतली डोकी त्याच्याकडे वळली. कोणीतरी अंगठा वर करून दाखवला. भूपेश हसला. अजूनही त्याला वाटत असावं की हे त्याच्या कौतुकाचंच काहीतरी आहे.

'नेक्स्ट.'

'वर्गात सगळे डॉक्टर. मी एकटाच बिनाडॉक्टरचा. तेव्हा हसले, मीबी हसलो. अजूनबी हसतो.'

पुन्हा हशा. यावेळी भूपेश हसला नाही.

'नेक्स्ट.'

त्यानं बटण दाबलं. स्वतःच्या हातानं.

'माहा बाप मोहल्ल्यात सांगते का पोरगा डॉक्टर हाय. मी कधी नाही म्हटलं नाही. पण कॉलेजात, मोठ्या लोकांत येतो म्हणते तं मले लाज वाटते त्याची. सायकलवर टावेल विकणारा माणूस, तोंडात खर्रा. मी काही ना काही सांगून टाळतो.'

हे वाचून झाल्यावर सुशीलनं चेहरा गंभीर केला आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं, पदवीचं ओझं, कुटुंबाच्या अपेक्षा वगैरे. लोकांनी माना हलवल्या, जशा परिषदेत हलवतात. त्या सगळ्या सकाळभरात जागेश्वरजींना समजलं असेल तर तेवढंच, कारण तेवढंच मराठीत होतं.

मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. ते पडद्याकडे पाहत होते. खिशावर ठेवलेला हात तसाच होता. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. मला वाटलं, निदान चिडावं यांनी, उठून जावं. ते काहीच करेनात. मला त्या क्षणी सुशीलच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि भूपेशच्याही.

'नेक्स्ट, भूपेश,' सुशील म्हणाला.

पडदा हलला नाही.

'भूपेश. नेक्स्ट.'

पडद्यावर भूमिका राऊतचा हसरा फोटो आला. विदर्भ ऑफिसची प्रमुख. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं माइकवर पहिले आभार भूपेशदादांचे मानले, माझा बायोडेटा त्यांनी लिहिला म्हणून. खोटं नाही बोलली. सुशीलनं समारोप केला, की या अभ्यासाचा निष्कर्ष एकच, माजी विद्यार्थ्यांनी एकमेकांना धरून राहिलं पाहिजे. भूपेशनं लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली आणि नीट रबर लावलं.

जेवणं मंडपात होती. मी जागेश्वरजींना घेऊन एका खांबाशी उभी राहिले. भूपेश आमच्या दिशेनं यायला निघाला आणि निम्म्या वाटेत काजलनं त्याला गाठलं. पंचवीस-सव्वीसची मुलगी, मनानं वाईट नव्हती. 'सर, थँक्यू. तुमचं बोलणं सगळ्यांत समृद्ध होतं. रिपोर्टमध्ये सर्वांत जास्त उतारे तुमचेच घेतलेत.' मागोमाग सुशील आला, हातात ताट, बरोबर भूमिका.

'भूप्या, वाईट नाही ना वाटलं? नाव तर नाही घेतलं ना तुझं.'

'नाही गा,' भूपेश म्हणाला.

'अन् ते पद, यार, अट होती. मी बोललो होतो तुझ्यासाठी. हुडकेश्वरची चावी भूमिकाकडे देऊन टाक आज. तिला ते इंटरनेटचं वगैरे जरा लावून दे.'

'देतो.'

बोलता बोलता ते सगळे आमच्या खांबापाशी पोचले होते. भूमिकाचं लक्ष म्हाताऱ्याकडे गेलं. ढगळ पँट, आवळलेला पट्टा, हातात रिकामं ताट. 'दादा, हे काका कोण?'

भूपेशनं तोंड उघडलं. काय सांगणार होता, देव जाणे. त्याच्याआधी जागेश्वरजी बोलले. खिशातली पुडी काढून त्यांनी खर्रा तोंडात टाकला होता, मला तो कधी टाकला ते कळलंही नव्हतं.

'मी मंडपवाल्याचा माणूस हो, बाई,' ते म्हणाले.

मी बोलणार होते. 'अगं, हे...' इथपर्यंत आलेही होते. म्हाताऱ्यानं माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं आणि मी ते वाक्य तिथंच सोडलं.

'बरं झालं भेटलात,' भूमिका म्हणाली. 'काका, तिकडची पाण्याची कॅन संपली. बदलून देता का जरा?'

'देतो ना.'

त्यांनी ताट खुर्चीवर ठेवलं आणि गेले. भरलेली कॅन उचलताना एकदा गुडघा टेकला, मग उठले. भूपेश तिथंच उभा होता. दहा पावलांवर त्याचा बाप खांद्यावर कॅन घेऊन लोकांतून वाट काढत होता, 'सरका भाऊ, सरका' म्हणत. मी भूपेशकडे बघत होते. आता जाईल, आता धरेल, आता म्हणेल, बाबा ठेवा ते खाली. सुशील त्याला विचारत होता की स्टेशनला जायला गाडी सांगितली आहेस का. भूपेशनं खिशातून फोन काढला आणि गाडीवाल्याला लावला.

कॅन बसवून झाल्यावर म्हातारा जेवायला परत आला नाही. फाटकाकडे चालत जाताना त्याची पाठ मला दिसली. टोपी नसलेलं डोकं त्यानं एका हातानं झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेशनं मेळाव्याचे फोटो ग्रुपवर टाकले. दरवर्षी टाकतो. सुशील माइकवर, भूमिका पुष्पगुच्छासह, काजल, सगळ्या बॅचेस ओळीनं. एका फोटोत मागच्या बाजूला कॅन उचललेला जागेश्वर निमजे होता. खाली अभिनंदन, हार, टाळ्या, नुसता पाऊस. कोणीतरी लिहिलं, व्यवस्था एकदम मस्त, भूपेश. त्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं.

मग भूमिकाचा निरोप आला. 'दादा, पुढच्या महिन्यात ऑफिसचं उद्घाटन आहे. ते पाणीवाले काका चांगले होते, लगेच काम करतात. त्यांचा नंबर पाठवा ना.'

मी चहाचा कप ठेवून दिला. वर 'भूपेश टाइप करत आहे' असं दिसायला लागलं, मग गेलं, मग पुन्हा दिसलं. आता लिहील, मी मनात म्हणत होते. लिही रे, की ते माझे वडील आहेत. एवढंच लिही आणि पड बाहेर त्या परिवारातून.

एक नंबर आला. नाव नाही, काही नाही, नुसते हातानं टाइप केलेले आकडे. त्याखाली भूमिकाचा अंगठा.

मी त्या आकड्यांवर बोट दाबलं. माझ्या फोननं लगेच नाव दाखवलं, मी कालच लिहून घेतलेलं. जागेश्वरजी, टॉवेलवाले.